सात पितळी बटणं

१

"खिसे उलटे करा," नाक्याचे साहेब म्हणाले.

आणि ट्रेकाकांनी रांगेतल्या साठ-सत्तर माणसांदेखत गणवेशाचे दोन्ही खिसे उलटे केले. एकातून चष्मा पुसायचं फडकं निघालं, दुसऱ्यातून खोकल्याच्या दोन गोळ्या. बाकी काही नाही. ज्या घड्याळासाठी एवढा तमाशा मांडला होता, त्याचा मागमूसही नव्हता.

"कुणाला तरी दिलं असेल पुढे," ज्यांचं घड्याळ गेलं होतं ते दातांचे डॉक्टर म्हणाले. "यांचं सगळं साटंलोटं असतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! पडदा सारून बाहेर आलेल्या पट्टाताईंच्या कपाळाची शीर तडतडली. विमानतळाच्या तपासणी नाक्यावर बायकांची अंगझडती घ्यायचं काम त्या बावीस वर्षं करत होत्या. दिवसातून पाचशे वेळा "पट्टा काढा, पट्टा" म्हणून त्यांचं खरं नाव नाक्यावर कुणाला आठवतही नसे. आणि ट्रेकाका म्हणजे सामानाच्या यंत्रातून बाहेर आलेले रिकामे ट्रे गोळा करून पुन्हा अलीकडे आणून ठेवणारे. एकोणीस वर्षं नाकासमोर चाललेला माणूस. लोकांनी ट्रेमध्ये विसरलेल्या अंगठ्या, फोन, एकदा तर दातांची आख्खी कवळी त्यांनी मागे धावत जाऊन परत केली होती.

गेलं काय होतं, तर एक खिशातलं घड्याळ. पोलादी, जाडजूड, रोज किल्ली द्यावी लागणारं. डॉक्टरांच्या वडिलांचं. वडील जाऊन चार महिने झाले होते, आणि डॉक्टरांची आई ते घड्याळ धाकट्या मुलाला द्यायला निघाली होती. बरोबर डॉक्टर आणि त्यांची बायको. आजींनी घड्याळ रुमालात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवलं, ट्रे यंत्रात गेला, आणि आजी पलीकडे येऊन बघतात तर रुमाल नाही, घड्याळ नाही, आणि रिकामा ट्रे काकांच्या हातात.

"लेखी तक्रार देतो मी," डॉक्टर म्हणाले. साहेबांनी मुकाट्याने फॉर्म पुढे केला.

काका ठेकेदाराचे माणूस. ठेकेदाराचा नियम एका ओळीचा होता: चोरीची लेखी तक्रार नोंदली की विमानतळाचा पास जमा. प्रवासी एकदा उडाला की तक्रार मागे घ्यायला कोण परत येतंय? आणि साठीला टेकलेल्या, पास काढून घेतलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या दारात उभं करतात?

"विमानाचं दार कधी बंद होतं?" त्यांनी विचारलं.

"चाळीस मिनिटांनी," डॉक्टर म्हणाले.

"मग साहेब, तो फॉर्म चाळीस मिनिटं तुमच्या टेबलावरच राहू दे. तेवढ्यात घड्याळ काढून दिलं नाही, तर काकांबरोबर माझाही पास घ्या."

साहेबांनी आ वासला. बोलून बसल्यावर पट्टाताईंनाही वाटलं, बाई गं, हे काय बोललीस! पण शब्द गेला तो गेला.

२

"काका, खिसे आत घाला आधी," त्या म्हणाल्या.

"नाही ताई." काका भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही खिसे कुत्र्याच्या कानांसारखे बाहेर लोंबत होते. "ज्यांनी उलटे करायला लावले, ते म्हणतील तेव्हा घालीन."

पट्टाताईंना ते बघवेना.

"ट्रे उचललात तेव्हा काय होतं त्यात?"

"काही नव्हतं. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. ट्रे उपडा करतो, बुडावर दोनदा ठोकतो, मगच थप्पीला लावतो. सुई असली तरी खाली पडते."

ती ठकठक पट्टाताईंच्या कानात इतकी मुरली होती की सुट्टीच्या दिवशी घरी चुकल्यासारखं व्हायचं. आज झडतीच्या खोलीत आजींना तपासताना त्यांनी ती ऐकली होती का? हो, ऐकली होती. ठक, ठक. आणि पाव किलोचं घड्याळ आदळल्याचा आवाज काही झाला नव्हता.

त्या यंत्राशी गेल्या. तिथे पडद्यासमोर बसणारा पडदेवाला आधीच यंत्रातलं चित्र काढून बसला होता. "हा बघा ताई, ट्रे एकशे सतरा. शाल, पर्स, आणि हे गोल. साखळीसकट. घड्याळ आत गेलं, यात शंका नाही."

"आणि बाहेरचा कॅमेरा?"

"त्यात नुसत्या पाठी आणि डोकी. सगळे आपापलं उचलायला वाकलेले. ट्रेमध्ये कुणाचा हात गेला ते दिसत नाही."

म्हणजे घड्याळ यंत्रातून बाहेर आलं, आणि काकांचा हात ट्रेला लागायच्या आधीच कुणीतरी ते उचललं. तेव्हा यंत्राच्या पलीकडे कोण कोण होतं?

"यांच्या मागे तो साखळीवाला होता," पडदेवाल्याने हळूच बोट दाखवलं. बाकावर एक उंच पोरगा बसला होता. जाकिटाला साखळ्या, पट्ट्याला खिळे, घोट्यापर्यंत बूट. "तीनदा वाजला तो धातू तपासायच्या दारात. सगळे म्हणतायत, हाच असणार."

पट्टाताई हसल्या. "अरे, तीनदा वाजला म्हणजे तीनदा मागे पाठवला. काका ट्रे ठोकत होते तेव्हा कुठे होता हा?"

पडदेवाल्याने आठवून पाहिलं. "दाराच्या अलीकडेच. बूट काढत होता."

"मग त्याचा हात पलीकडच्या ट्रेपर्यंत पोचायला काय रबराचा आहे?"

साखळीवाला सुटला. काका सुटले. आजी तर पट्टाताईंसमोरच झडती देत होत्या. राहिले दोघं, आणि ते दोघंही घरचेच.

३

डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. पट्टाताईंना बघताच त्यांनी स्वतःहून कोटाचे खिसे झाडून दाखवले, बायकोची पर्सही उघडून दाखवली. "बघा! आमची झडती घ्या ना! कर नाही त्याला डर कशाला?"

"आणि ही बॅग?" बाकावर सूनबाईंशेजारी निळी बॅग होती. मुठीला 'तपासली'ची पिवळी पट्टी बांधलेली.

"ती तर आत्ताच तुमच्याच माणसांनी उघडली, परत यंत्रात घातली. दोनदा बघितलीत, आता तिसऱ्यांदा?"

पट्टाताईंनी बॅग सोडली आणि डॉक्टरांकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांना माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे कपडे दिसायचे. डॉक्टरांचे बूट बिनलेसचे, पायातून सर्रकन निघणारे. पँटला इलॅस्टिक, पट्टाच नाही. हातातल्या घड्याळाचा पट्टा प्लास्टिकचा. फोन, किल्ल्या, सगळं एका कोटात, म्हणजे कोट काढला की झालं. असा प्रवासी शंभरात एखादा भेटला तर पट्टाताई त्याला मनातल्या मनात नमस्कार करायच्या.

"फार सराईत आहात हो. शिट्टीसुद्धा न वाजता आलात."

डॉक्टर जरा निवळले. "मी कसला! सगळं हिचं. दवाखाना तीच चालवते म्हणा ना, मी फक्त दात काढतो. आठ दिवस आधी यादी करून दिली, काय घालायचं, काय नाही." त्यांनी कोटातून चतकोर कागद काढला. वळणदार, नेटकं अक्षर. बिनलेसचे बूट. पट्टा नको. धातूची बटणं, पिना, बक्कल नको. खिशातलं सगळं कोटात. शेवटची ओळ लाल शाईने अधोरेखित: पेस्टची छोटीच ट्यूब, मोठी अडवतात.

पट्टाताईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"बॅग कशासाठी उघडली होती म्हणालात?"

"पेस्टची मोठी ट्यूब राहिली होती. विसरली असेल बिचारी, गडबडीत."

पट्टाताईंनी कागदाची घडी घातली आणि परत दिला. दातांच्या डॉक्टरची बायको, लाल शाईने रेघ ओढणारी, आणि नेमकी पेस्टच विसरली?

भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. तेवीस मिनिटं उरली होती.

४

आजी झडतीच्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, नुसती रिकामी मूठ आवळत होत्या, उघडत होत्या.

"आजी, मघाशी तुम्हाला फार वेळ लावला मी. रागावला नाहीत ना?"

"तू काय करशील पोरी. मी चालले की तुझं यंत्र केकाटतंय."

ते खरंच होतं. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम, आजींपाशी सहा मिनिटं लागली होती. लोकरी स्वेटरला गळ्यापासून खाली सात पितळी बटणं. अंबाड्यात अकरा पिना, कोऱ्या, लखलखीत. सपातांना बक्कल. एकेका बटणावरून हातातलं यंत्र फिरवता फिरवता पट्टाताईंच्या तोंडाला फेस आला होता.

"स्वेटर ट्रेमध्ये काढून ठेवला असता तर?"

"मी काढतच होते गं! पण सूनबाई म्हणाली, आई, अजिबात काढू नका, आत थंडी असते. ट्रेपाशी उभ्या बाईंनाही तिनंच सांगितलं, राहू द्या म्हणून. माझी काळजी फार तिला. आजचे कपडेसुद्धा तिनंच काढून दिले."

"आणि पिना?"

"त्याही तिनंच खोचल्या. घरी माझा एका आकड्यावर अंबाडा राहतो." आजी किंचित हसल्या. "म्हणाली, वाऱ्याने केस उडतील."

विमानतळात कसला वारा? पट्टाताई आतून पेटल्या. नवऱ्याला एक बक्कल घालू दिलं नाही, आणि सासूला नखशिखान्त पितळ-लोखंडाने मढवलं! कशाला? तर सासू सहा मिनिटं या पडद्याआड अडकून राहावी म्हणून. आणि तिला अडकवून ठेवणारे हात कुणाचे? पट्टाताईंचे. त्यांना वापरून घेतलं होतं. काकांइतकंच त्यांनाही.

"घड्याळ सकाळी चालू होतं?" त्यांनी सावकाश विचारलं.

"हो तर. निघताना कानाला लावलं ना मी. रोज लावते. हे गेल्यापासून तेवढीच सोबत. झोपेतसुद्धा मुठीत असतं. आंघोळीला जाते तेवढं उशाशी ठेवते."

"किल्ली तुम्हीच देता?"

"छे गं, ही बोटं बघ. हरभऱ्याएवढी किल्ली ती, चिमटीत कुठली धरवतेय? मी जन्मात कधी दिली नाही."

"आजी, मग चार महिने ते चालतंय कसं?"

आजींची मूठ उघडी ती उघडीच राहिली. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा विचार मी केलाच नाही."

५

बारा मिनिटं.

पट्टाताईंनी पडदेवाल्याला दोन चित्रं शेजारी शेजारी लावायला सांगितली आणि सूनबाईंना पडद्यासमोर बोलावलं. डॉक्टर आणि साहेबही मागोमाग आले. सूनबाई चाळिशी ओलांडलेल्या, शांत चेहऱ्याच्या. मघापासून त्या एकच वाक्य म्हणत होत्या: "जाऊ द्या ना, तक्रार नको, विमान चुकेल."

"ताई, ही तुमची निळी बॅग, पहिल्यांदा यंत्रात गेली तेव्हा. ही मोठी ट्यूब दिसते ना? म्हणून आम्ही उघडली. ट्यूब काढली. मग सामान परत कुणी भरलं?"

"मीच," सूनबाई म्हणाल्या. "त्या माणसाला म्हटलं, मी भरते."

"आणि ही तीच बॅग, दुसऱ्यांदा. ट्यूब गेली. आता हा कोपरा बघा."

कोपऱ्यात एक गोल होतं. साखळीसकट. पहिल्या चित्रात त्या जागी नुसता मोज्यांचा जोड होता.

पडदेवाल्याने कपाळावर हात मारला. "ट्यूब गेली की नाही तेवढंच बघितलं मी! घड्याळ काय, दर तिसऱ्या बॅगेत असतं!"

"म्हणूनच तर," पट्टाताई म्हणाल्या. "सासूबाईंना बटणांनी आत अडकवलंत. त्यांची शाल आणि पर्स ट्रेमधून तुम्ही उचललीत, सुनेने उचलली तर कुणाला काय वाटणार? त्याबरोबर रुमालही उचललात. पण ठेवायचा कुठे? आरडाओरडा झाला की खिसे आणि पर्स बघणारच. फक्त नुकतीच दोनदा तपासलेली, पिवळी पट्टी बांधलेली बॅग कुणी बघणार नाही. तशी बॅग मिळायला एकच उपाय, ती आधी आमच्याकडून अडवून घ्यायची. यादीत लाल शाईने अधोरेखित केलेली वस्तू तुम्ही विसरला नव्हतात, मुद्दाम ठेवली होतीत."

"काहीतरीच!" डॉक्टर ओरडले. "घरात आहे की घड्याळ चार महिने! घ्यायचंच असतं तर हिने घरात नसतं घेतलं?"

"घरात घेतलं असतं तर नाव कुणाचं आलं असतं?" पट्टाताईंनी विचारलं. "घरात तुम्ही तिघं. आणि आजी ते आंघोळीपुरतं सोडलं तर हातातून सोडत नाहीत. हजार परक्या माणसांत ते हातातून खाली ठेवावंच लागतं, अशी जागा एकच. ही."

सूनबाईंनी डोळे मिटले. मग स्वतःच बॅगेची चेन उघडली आणि मोज्यांखालून रुमाल काढला. सगळे गप्प झाले तशी रुमालातली टिकटिक ऐकू आली.

"दोन वर्षं सासऱ्यांचे हात थरथरायचे," त्या म्हणाल्या, कुणाकडेही न बघता. "रोज सकाळी मी किल्ली द्यायचे, ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. किती पीळ झाले ते बोट उचलून मोजायचे. ते गेल्यावरही मी दिली, आई आंघोळीला गेल्या की. धाकटे भाऊजी शेवटचं बघायलासुद्धा आले नाहीत, आणि घड्याळ त्यांना! माझा जीव तुटला हो. मला वाटलं, इथे गर्दीत हरवलं म्हणतील. कुणा एकावर आळ येणार नाही."

"हजार माणसांतही एक जण नेहमी सापडतो, ताई," पट्टाताई म्हणाल्या. "ज्याच्या हातात ट्रे असतो तो. चोर सोडून संन्याशाला सुळी! त्यांचे खिसे उलटे होत होते तेव्हा तुम्ही चार पावलांवर होतात. तेव्हा का नाही बोललात?"

सूनबाई रडू लागल्या.

मागून आवाज आला. "मागितलं असतंस तर?" आजी पडदा धरून उभ्या होत्या.

"मागितलं होतं, आई. ते गेले त्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, घड्याळ रक्ताच्या माणसाकडे जातं."

आजींना ते आठवलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

६

सहा मिनिटं उरली होती. डॉक्टरांनी फॉर्म फाडला आणि काकांसमोर खिशातून पाकीट काढायला लागले.

"ते आत ठेवा," काका म्हणाले.

"मग काय करू?" डॉक्टरांचा चेहरा काळवंडला होता. "आत साहेबांच्या खोलीत चला, तिथे बसून—"

"खोलीत नाही." काकांनी रांगेकडे बोट केलं. "माझे खिसे तिथे उलटे केले. जे काय बोलायचं ते तिथेच."

"विमान जाईल हो," डॉक्टर पुटपुटले.

"जाऊ दे गेलं तर," आजी म्हणाल्या. त्यांनी सुनेचा दंड धरला आणि तिला यंत्रापाशी नेलं. रांगेतली माणसं बघायला लागली. साखळीवाला बाकावरून उठला.

सूनबाई रांगेकडे वळल्या. "घड्याळ मी घेतलं होतं. या काकांनी नाही. ते प्रामाणिक आहेत. काका, माझ्यामुळे तुमचा अपमान झाला. मला माफ करा."

डॉक्टरांनी हात जोडले. "मी न बघता बोललो. चुकलं माझं."

काका साहेबांकडे बघत राहिले. साहेब खाकरले, टोपी काढली, पुन्हा घातली. बावीस वर्षांत पट्टाताईंनी या माणसाला कुणाला सॉरी म्हणताना ऐकलं नव्हतं. आजही त्यांना तो शब्द जमला नाही. ते पुढे झाले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, खिसे आत घाला."

काकांनी आधी डावा खिसा आत घातला, मग उजवा. खोकल्याच्या गोळ्या परत ठेवल्या. फडक्याने चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. पट्टाताईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिघं दाराकडे निघाली. डॉक्टर पुढे, बॅगा घेऊन. मागे आजी, घड्याळ मुठीत. चार पावलं गेल्यावर त्या थांबल्या, रुमाल सोडला आणि घड्याळ सुनेपुढे धरलं.

"हे अजून तुझं नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या सकाळी किल्ली द्यायला कुणीतरी लागेल. धाकट्यालाही येत नाही. त्याच्या समोर बसून दे, आणि कुणाकडून शिकलीस तेही सांग त्याला."

सूनबाईंनी घड्याळ घेतलं नाही. आजींच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, आणि दोघी तशाच लगबगीने वळणाआड गेल्या.

"पट्टा काढा, पट्टा," पट्टाताई पडद्याशी परत जाऊन म्हणाल्या. रांग हलली. मागे काकांनी एकशे सतरा नंबरचा ट्रे उपडा केला आणि बुडावर दोनदा ठोकलं.